पहिल्या खेळाचा रंग

घरात चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा रंगीत फोटोंचा अल्बम असेल तर काढून बघा. आमच्याकडे मावशीच्या लग्नाचा आहे. तिचा शालू हिरवागार होता असं आजी शेवटपर्यंत सांगायची. फोटोत तो मातकट दिसतो, आणि मांडवातलं सगळं वऱ्हाड गुलालात न्हाल्यासारखं लालसर. अल्बम कायम कपाटात बंद होता, त्याला कधी ऊन लागलं नाही. तरी रंग गेले.

त्या काळातल्या सिनेमाच्या प्रिंटांचंही हेच झालं. त्यातल्या एका सिनेमाचे पहिल्या दिवसाचे रंग, पहिल्या दिवसाची दृश्यं आणि पहिल्या दिवसाचा आवाज परत मिळवण्यासाठी काही चाहत्यांनी वर्षानुवर्षं जी मेहनत घेतली, तिची ही गोष्ट. मी ती सिनेमाची म्हणून कमी आणि विज्ञानाची म्हणून जास्त सांगणार आहे.

सिनेमा 'स्टार वॉर्स'. २५ मे १९७७ रोजी तो अमेरिकेत लागला. १९८९मध्ये अमेरिकेने जतन करण्याजोग्या चित्रपटांची राष्ट्रीय यादी सुरू केली, तेव्हा पहिल्या २५ नावांत तो होता. पुढे १९९७मध्ये दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी त्याची 'विशेष आवृत्ती' काढली. वाळवंटातल्या गावात संगणकावर तयार केलेले प्राणी आले, पूर्वी वगळलेला एक प्रसंग परत आला. गुत्त्यातल्या झटापटीत आधी गोळी झाडणारा हान सोलो, नायकाचा साथीदार, आता समोरच्याने गोळी झाडल्यावर झाडू लागला. २००४ आणि २०११मध्ये आणखी बदल झाले. कलावंताने आपली कलाकृती पुन्हा हाताळावी, याला माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती जुनी आवृत्ती दुकानातून नाहीशी होण्याला. नव्या आवृत्तीसाठी मूळ निगेटिव्हमधलेच काही तुकडे काढून तिथे नवे जोडले गेले. २००६मध्ये जुनी आवृत्ती डीव्हीडीवर जोडपुरवणी म्हणून आली खरी, पण ती १९९३च्या लेझरडिस्कसाठी (डीव्हीडीच्या आधीची तबकडी) बनवलेल्या टेपवरून उतरवलेली होती. पडद्याच्या ४८० ओळींपैकी जेमतेम २७० ओळींत चित्र, बाकी वर-खाली काळे पट्टे.

याच लुकास यांनी १९८८मध्ये अमेरिकी संसदेपुढे साक्ष देताना जुन्या कृष्णधवल चित्रपटांना रंग चढवणाऱ्यांवर कडाडून टीका केली होती. उद्या मालकाला हवे ते बदल करून नवंच 'मूळ' तयार करता येईल, असा इशाराही तेव्हा दिला होता. तो किती खरा होता!

आपल्याकडे या गोष्टीला नेमका शब्द आहे: प्रक्षेप. एकनाथ महाराजांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि यापुढे जो कोणी तीत आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात करवंटी ठेवील, असं बजावून ठेवलं. इथे पेच वेगळा आहे, कारण प्रक्षेप करणारा खुद्द कर्ताच आहे. पण शुद्ध पाठ शोधायची वाट तीच: जुन्या प्रती गोळा करायच्या आणि ताडून बघायच्या.

सिनेमाच्या बाबतीत प्रत म्हणजे चित्रपटगृहांत फिरलेली प्रिंट. १२१ मिनिटांचा हा चित्रपट ३५ मिमी फितीवर सुमारे ३.३ किलोमीटर लांब भरतो आणि त्यात १ लाख ७४ हजारांवर चौकटी असतात. खेळ संपले की प्रिंट परत करायच्या किंवा नष्ट करायच्या, असा रिवाज. तरी काही वाचल्या आणि संग्राहकांच्या हाती गेल्या. अडचण अशी की त्यांतल्या बहुतेक आता आमच्या अल्बमसारख्या झाल्या आहेत.

असं का होतं? रंगीत फितीत तीन रंगद्रव्यांचे तीन थर असतात: पिवळा, राणी आणि निळसर हिरवा, ज्याला सायन म्हणतात. प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशातला एक भाग अडवतं. सायन अडवतं तांबडा प्रकाश. सत्तरच्या दशकातल्या फितींत ही रंगद्रव्यं फीत धुताना रासायनिक क्रियेतून थरातल्या थरातच तयार होत, आणि त्यांचे रेणू उष्णतेने व दमटपणाने हळूहळू मोडत. अंधारातसुद्धा. सगळ्यात आधी सायन मोडायचं. तांबड्या प्रकाशाला अडवणारं कोणी उरलं नाही की तो मोकळा सुटतो, आणि आकाश, वाळू, चेहरे, सगळंच गुलाबी होतं. मावशीच्या शालूवरचा हिरवा रंग असाच पळाला.

याला एक सुखद अपवाद होता. टेक्निकलर कंपनीची जुनी पद्धत छापखान्यासारखी होती. कॅलेंडर छापताना जसा एकेका रंगाचा वेगळा ठसा कागदावर बरोबर जागेवर उमटवतात, तसं इथे प्रत्येक रंगासाठी जिलेटिनच्या उठावाची एक फीत करत, ती रंगात भिजवत आणि कोऱ्या फितीवर दाबत. रंग बाहेरून आणायचा असल्यामुळे टिकाऊ रंग निवडायची मोकळीक होती. अमेरिकेत ही पद्धत १९७५च्या आसपास बंद पडली, पण इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेत ती आणखी थोडा काळ चालली, आणि 'स्टार वॉर्स'च्या काही प्रिंट तिथे तशा छापल्या गेल्या. म्हणून त्या प्रिंटांत १९७७चा रंग आजही जवळजवळ जसाच्या तसा आहे. उपग्रह, संगणक आणि एवढे सगळे जाणकार असताना साक्ष काढावी लागते ती एका बंद पडलेल्या छपाईयंत्राची, हे मला फार विलक्षण वाटतं.

प्रिंट हाती येण्याआधी चाहत्यांनी दुसरी वाट धरली होती. हार्मी या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या चेक प्रजासत्ताकातल्या एका चाहत्याने २०१०च्या सुमारास आपली आवृत्ती काढायला सुरुवात केली. ब्लू-रेचं स्वच्छ चित्र पाया म्हणून घ्यायचं, आणि जिथे जिथे नवं घुसडलंय तिथे जुन्या डीव्हीडीचा, टीव्हीवरच्या प्रक्षेपणाचा, कुठून मिळालेल्या फितीच्या स्कॅनचा तुकडा बसवायचा. गोधडीच ती. पण टाके इतके बारीक, की चालू सिनेमात सहसा कळत नाहीत.

'टीम निगेटिव्ह वन' या निनावी गटाने मात्र थेट प्रिंटच स्कॅन केल्या. त्यांची '४के७७' ही आवृत्ती २०१८मध्ये पुरी झाली. तिचा ९७ टक्के भाग १९७७च्या एकाच ३५ मिमी प्रिंटवरून घेतलेला आहे. या कामाला हक्कधारकांची परवानगी नाही, त्यामुळे कायद्याच्या नजरेने ते बरोबर नाही. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अधिकृत प्रत विकत घेतल्याशिवाय आमची आवृत्ती पाहू नका, असं या मंडळींचं सांगणं असतं.

स्कॅनर फितीची एकेक चौकट थांबवून तिचा फोटो घेतो. ४के म्हणजे दर चौकटीला ८० लाखांहून जास्त बिंदू. खरं काम सुरू होतं ते यानंतर. फितीवर धूळ असते, ओरखडे असतात, रीळ संपत आल्याची खूण म्हणून वरच्या कोपऱ्यात उमटणारे गोल ठिपके असतात. धूळ ओळखायची युक्ती सोपी आहे. धुळीचा कण एकाच चौकटीवर असतो, आधीच्या आणि नंतरच्या चौकटीत नसतो. संगणकाला सांगायचं, की जे एका चोविसांश सेकंदापुरतं दिसतं आणि नाहीसं होतं ते पूस.

पण हा सिनेमा अंतराळातला. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके म्हणजे छापताना निगेटिव्हवर बसलेली धूळ, तसेच पांढरे ठिपके म्हणजे चांदण्याही. यान वेगाने वळलं की चांदणी एका चौकटीत इथे, पुढच्या चौकटीत भलतीकडे. लेझरचा झोत, स्फोटातली ठिणगी, ही तर एक-दोन चौकटींचीच पाहुणी. संगणकाच्या हिशेबात हा सगळा कचरा. म्हणून अशा ठिकाणी यंत्राला मोकळं सोडता येत नाही, माणसाने बसून चौकटीमागून चौकट बघावी लागते. 'हा ठिपका तारा आहे की धूळ?' हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञाला पडावा तसा या मंडळींना रात्र-रात्र पडत असणार.

एकाहून जास्त प्रिंट असतील तर आणखी एक सुंदर उपाय आहे. दोन प्रिंटांवर धूळ एकाच जागी बसत नाही. तेव्हा एकच चौकट चार प्रिंटांतून घेऊन अचूक एकावर एक बसवली आणि प्रत्येक बिंदूची सरासरी काढली, तर चित्र तेच राहतं आणि वेगवेगळा असलेला गोंधळ निम्मा होतो. नऊ प्रिंट असतील तर एक तृतीयांश. गोंधळ प्रतींच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, हा संख्याशास्त्राचा नेम. फितीवरच्या चित्राला जे बारीक दाणे असतात त्यांचीही इथे चाळणी होते. काही दाणे निगेटिव्हमधून आलेले असतात, काही त्या-त्या प्रिंटचे स्वतःचे. सरासरीत प्रिंटचे दाणे विरतात आणि निगेटिव्हचे राहतात, कारण ते सगळ्या प्रिंटांत सारखेच असतात.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली. तिथेही हाच तर्क होता. एकाच हस्तलिखितातली चूक त्या लेखनिकाची, अनेक हस्तलिखितांत तीच चूक आढळली तर ती त्यांच्या सामाईक पूर्वज प्रतीची. भूर्जपत्र असो की सेल्युलॉइड, नक्कल कशी बिघडते याचं गणित एकच.

ओरखड्यांची तऱ्हा वेगळी. फितीच्या पृष्ठभागावर चर पडला की प्रकाश तिथे वाकतो आणि रेघ दिसते. स्कॅन करताना फीत अशा द्रवात भिजवली, ज्याचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, फितीइतकाच आहे, तर चर द्रवाने भरतो, प्रकाश सरळ जातो आणि रेघ अदृश्य होते. पावसाने भिजलेल्या खरबरीत काचेतून अचानक स्पष्ट दिसू लागावं तसं. पण ओरखडा फितीवर असेल तरच. तो चित्रातच उतरला असेल तर नाही.

याचं सगळ्यात हृदयद्रावक उदाहरण विज्ञानपटांच्या पणजोबाचं आहे. फ्रिट्झ लँग यांचा 'मेट्रोपोलिस' १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये लागला आणि लवकरच त्याची मोठी काटछाट झाली. कापलेला भाग ऐंशी वर्षं कायमचा गेला असंच मानलं जात होतं. तिकडे अर्जेंटिनात मात्र एका समीक्षकाच्या संग्रहात पूर्ण लांबीची प्रिंट टिकून होती. तिची १६ मिमी नक्कल २००८मध्ये ब्वेनोस आयरेसच्या चित्रपट संग्रहालयात सापडली. मूळ फीत ज्वालाग्राही नायट्रेटची, म्हणून नक्कल काढून ती नष्ट केलेली. नक्कल काढताना फितीवरचे सगळे ओरखडे चित्राचा भाग होऊन बसले, आणि चौकटीची कडही छाटली गेली. आता कुठलाही द्रव त्यांना भरू शकत नाही. २०१०मध्ये पुन्हा जोडलेला चित्रपट दाखवला गेला तेव्हा ती सुमारे २५ मिनिटं पाऊस पडत असल्यासारखी दिसत होती. तरीही ती आहेत, आणि एका माणसाने एक प्रिंट जपली म्हणून आहेत.

'स्टार वॉर्स'कडे परत येऊ. चित्र जमलं तरी 'मूळ' म्हणजे काय, हा प्रश्न सुटत नाही. पहिल्या खेळात सुरुवातीच्या सरकत्या मजकुरावर 'एपिसोड ४' हे शब्दच नव्हते, ते १९८१मध्ये आले. आवाजाचं तर विचारूच नका. १९७७मध्येच त्याची तीन मिश्रणं होती: ७० मिमीच्या प्रिंटांसाठी सहा ध्वनिमार्गांचं, ३५ मिमीसाठी डॉल्बी स्टिरिओ, आणि साध्या चित्रपटगृहांसाठी एकाच ध्वनिमार्गाचं मोनो. मोनो सगळ्यात शेवटी झालं, आणि त्यात काही संवाद इतर दोहोंत नाहीतच. यान खेचून धरणाऱ्या ओढकिरणाचं यंत्र किती ठिकाणी जोडलेलं आहे हे सोनेरी यंत्रमानव सांगतो, ते फक्त मोनोत. नायक ल्यूकच्या काकूचा आवाजही निराळा. म्हणजे गावातल्या एकपडदा चित्रपटगृहात बसलेल्या प्रेक्षकाला जे ऐकू आलं, ते मोठ्या शहरातल्या आलिशान चित्रपटगृहात ऐकू आलंच नाही! चाहत्यांनी तिन्ही आवाज वेगवेगळे जपायचा प्रयत्न केला आहे. हा निर्णय मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

चित्राबाबतही असाच कस लागतो. त्या काळी यानांची दृश्यं निळ्या पडद्यापुढे वेगवेगळी चित्रित करून प्रकाशछपाईने एकत्र आणत. दर छपाईत थोडा तपशील गळतो, म्हणून विशेष दृश्यांसाठी मोठ्या आकाराची व्हिस्टाव्हिजन फीत वापरली होती. तरी लहान यानांभोवती फिकट चौकोन दिसतातच. ते पुसायचे की ठेवायचे? माझं मत ठेवायचे. १९७७मध्ये हाताने केलेल्या कामाचे ते ठसे आहेत, जुन्या मूर्तीवरच्या छिन्नीच्या खुणांसारखे. धूळ नंतर बसली, ते चौकोन पहिल्या खेळालाही होते.

जून २०२५मध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या महोत्सवात १९७७ची टेक्निकलर प्रिंट, थंड गोदामातून काढून, प्रेक्षकांना दाखवली गेली. आणि पन्नासाव्या वर्षानिमित्त २०२७मध्ये मूळ आवृत्ती नव्याने दुरुस्त करून चित्रपटगृहांत आणण्याची घोषणा आता खुद्द लुकासफिल्म या हक्कधारक कंपनीनेच केली आहे. ती जवळपास कुठे लागली तर मी पहिल्या दिवशी जाणार आहे. सुरुवातीचा पिवळा मजकूर वर सरकत दिसेनासा झाला की मागे नुसतं तारांगण उरतं. तिथे मी बघेन, बारीकातली बारीक चांदणीसुद्धा जागेवर आहे ना, की धूळ समजून कोणी पुसून टाकली.