थाळीत उरलेली बाजरी

कोल्हापूर पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की फड बघता बघता मोकळा होतो. काल उंदराच्या डोक्यावर पाल्याचं दाट छत होतं, आज उघडं रान आणि वर गव्हाणी घुबड. आसरा उरतो तो बांधावरच्या झुडपात नाहीतर पाचटाच्या ढिगात. तिथे घोणस दबा धरून बसलेली असू शकते. घुबडापासून वाचायचं तर झुडपाखाली शिरायला हवं, घोणसीपासून वाचायचं तर झुडूप टाळायला हवं.

हाच पेच संशोधक बर्ट कॉटलर आणि सहकाऱ्यांनी इस्राएलमधल्या नेगेव वाळवंटातल्या उंदरासारख्या जर्बिलांवर अभ्यासून १९९२ साली मांडला. घुबडाच्या धाकाने हे छोटे कुरतडे झुडपांकडे सरकतात आणि साप टपलेले असतात तेही झुडपांखालीच. एका शिकाऱ्याची भीती दुसऱ्याचं काम सोपं करते.

उंदराचा प्रतिसाद शत्रूच्या अंतरावरही ठरतो. प्रयोगशाळेत पेटीच्या छतावरच्या पडद्यावर लहान काळा ठिपका नुसता सरकत गेला, तर उंदीर बहुधा जागीच थिजतो. दूरच्या शिकाऱ्याने अजून पाहिलेलं नसेल, तर हलणं म्हणजे आपणच आपला ठिकाणा सांगणं. तोच ठिपका झपाट्याने मोठा होऊ लागला की उंदीर आसऱ्याकडे धूम ठोकतो, कारण ती झेप असते. आसराच नसेल तर मात्र अशा वेळीही तो पळण्याऐवजी थिजतो.

वासाचं गणित वेगळं. मांजर कधीच न पाहिलेला, प्रयोगशाळेत जन्मलेला उंदीरही मांजराचा वास टाळतो. पण वास आला म्हणजे मांजर आत्ता इथेच आहे असं नाही. म्हणून तो लगेच पळत सुटत नाही. मागचे पाय रोवून, अंग जमिनीलगत लांबवर ताणून, मिशा थरथरवत हुंगत राहतो; क्षणात मागे फिरता येईल अशी ती ठेवण असते.

ही भीती चक्क वजनकाट्यावर मोजता येते, आणि मला ही पद्धत फार मोलाची वाटते. दोन सारख्या उथळ थाळ्या घ्या. प्रत्येकीत ३ लिटर चाळलेली कोरडी वाळू आणि ५ ग्रॅम बाजरी नीट कालवा. एक थाळी झुडपाखाली ठेवा, दुसरी तीन-चार मीटरवर उघड्यावर. सुरुवातीचे दाणे सहज सापडतात, पुढे प्रत्येक दाण्यासाठी जास्त उकरावं लागतं. मिळकतीपेक्षा कष्ट आणि धोका जड झाला की उंदीर थाळी सोडतो. सकाळी वाळू चाळून उरलेली बाजरी तोलायची. कष्ट दोन्हीकडे सारखेच, म्हणून वजनातला फरक मुख्यतः धोक्याचा.

फसगत काही ठरावीक चुकांमुळे होते. नवी वस्तू उंदीर टाळतो, म्हणून पहिल्या तीन-चार रात्री मोजायच्याच नाहीत. उजाडायच्या आत थाळ्या उचलल्या नाहीत तर चिमण्या-होले दाणे टिपतात. मुंग्या लागल्या तर त्या रात्रीचा आकडा सोडून द्यायचा. दवाने बाजरी जड होते, ती वाळवूनच तोलायची. चांदणं आणि अंधार यांचे आकडे एकत्र करायचे नाहीत, कारण चांदण्यात उंदीर उघड्यावर कमी थांबतो.

आणि उघड्यावरची थाळी फस्त होऊन झुडपाखालची रात्रीमागून रात्र तशीच राहत असेल, तर त्या झुडपात हात घालण्याआधी लांब काठीने चाळवून बघा.