सगळ्यांना एकच नियम की सगळ्यांना एकच वाटा?

कायद्यापुढे सगळे सारखे, घटनेचं कलम १४, हे शाळेत झालंय, परत सांगत बसत नाही. घोळ होतो तो त्याच्यापुढे. समतेचं नाव काढलं की एकजण "पाची बोटं सारखी असतात का भो?" म्हणून मोकळा होतो (या म्हणीला आता रिटायर करा कोणीतरी), आणि दुसरा म्हणतो सगळ्यांकडे सारखंच पाहिजे, नसेल तर सरकारनं करून द्यावं. दोघंही सारखा नियम आणि सारखा वाटा या दोन वेगळ्या गोष्टी एकच समजून भांडतात.

पांझरा नदीवरची पाणीवाटपाची जुनी फड पद्धत घ्या, साक्री-धुळ्याकडच्यांना माहितीये. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड म्हणजे मोठे भाग पाडलेले, एका फडात एकच पीक, आणि शेतकऱ्याचा तुकडा वेगवेगळ्या फडांत. पाणी कमी आलं की एखादा फडच पडीक ठेवायचा, म्हणजे पाटलाचाही तुकडा कोरडा आणि लहान शेतकऱ्याचाही. पाणी पाटकरी, म्हणजे पाणी सोडायला नेमलेला माणूस, देणार, कोणी आपल्या हातानं पाट फोडायचा नाही. इथपर्यंत सगळं सारखं. पण माल निघाला की ज्याचा त्याचा! ज्यानं निंदणी वेळेवर केली त्याचा गहू जास्त, खळ्यावर येऊन सगळ्यांची पोती एकत्र करा असं कोणी म्हणत नाही.

ते चीननं करून पाहिलं. १९५८ ला कम्यून काढले, जमीन सामाईक, जेवणही सामाईक भटारखान्यात, आणि पुढच्या काही वर्षांत कोट्यवधी माणसं भुकेनं मेली. इथं लोक "फुकट मिळालं की माणूस आळशी होतो" एवढंच सांगून थांबतात, ते अर्धंच आहे. सारखं वाटायचं तर आधी सगळ्यांचं ताब्यात घ्यावं लागतं, त्याला वाटणारा लागतो, आणि त्या वाटणाऱ्याला जाब विचारणारा कोणी उरत नाही. खालच्यांनी वरच्यांना खूश करायला पीक फुगवून कळवलं, वरच्यांनी त्या फुगवलेल्या आकड्यावर धान्य उचललं, गावात खायला राहिलं नाही. म्हणजे समानता आणायला निघाले आणि पळी ज्याच्या हातात तो आणि बाकीचे अशी नवीच विषमता तयार झाली. शेवटी १९७८ च्या डिसेंबरात शियाओगांग गावच्या १८ शेतकऱ्यांनी गुपचूप कागद करून जमीन घरोघर वाटून घेतली, सरकारचं ठरलेलं धान्य द्यायचं आणि उरलेलं आपलं.

आता कोणीतरी म्हणणारच, मग आरक्षण पण चूक. नाही भाऊ! कलम १६ च्या पहिल्याच पोटकलमात समान संधी आहे आणि चौथ्यात राखीव जागा, एकाच कलमात. धडगाव-अक्कलकुव्याच्या आदिवासी पोराला जागा राखून ठेवणं म्हणजे त्याच्या तुकड्यापर्यंत पाट नेणं, पीक त्यालाच काढायचंय. १९६१ चा सीलिंग कायदाही (जमिनीला कमाल मर्यादा घालणारा) तसाच, जास्तीची जमीन काढून भूमिहीनांना दिली पण सगळ्यांना सारखे एकर करायला कोणी निघालं नव्हतं. आणि ते उंचीप्रमाणे कमीजास्त खोकी घेऊन कुंपणाआडून मॅच बघणाऱ्या तीन पोरांचं चित्र कृपया पाठवू नका, त्यात खोकी वाटणारा कधीच दिसत नाही.