तारण (ख्रिस्ती धर्म)

ख्रिस्ती धर्मात तारण म्हणजे माणूस पापाच्या आणि मरणाच्या तावडीतून सुटणं आणि देवाशी तुटलेलं त्याचं नातं परत जुळणं. मेल्यावर स्वर्गात जागा मिळाली की झालं तारण असं बऱ्याच लोकांना वाटतं, खुद्द चर्चला जाणाऱ्यांनाही, पण नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, हा शब्द तिन्ही काळांत येतो, तारण झालंय, होतंय आणि पुढे व्हायचंय, त्यामुळे हा विषय मेल्यानंतरचा जेवढा आहे तेवढाच आत्ताच्या जगण्याचा आहे.

सुरुवात पापापासून होते. पाप म्हणजे चुकीच्या कामांची नुसती लिस्ट नाही तर देवाकडे पाठ फिरवून जगायची माणसाची सवय, आणि येशूचा संदेश पसरवणाऱ्या पौल या प्रेषिताने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात स्पष्ट म्हटलंय की यातून कुणीही सुटलेलं नाही. मग चांगली कामं करून मार्क जमवायचे आणि शेवटी पास व्हायचं, असं आपलं साधं लॉजिक सांगतं. ख्रिस्ती शिकवण नेमकी इथेच नाही म्हणते. माणसाला स्वतःच्या जोरावर हे जमत नाही म्हणून देव स्वतः येशूमध्ये माणूस झाला, वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, आणि तारण मिळतं ते त्याच्या कृपेने, फुकट. आता एका माणसाच्या मरणाने सगळ्यांचं तारण कसं काय होतं, यावर मात्र एकच उत्तर कधीच नव्हतं. सुरुवातीच्या शतकांत हा मरणावर आणि सैतानावर मिळवलेला विजय आहे यावर बरेच जण भर द्यायचे, अकराव्या शतकाच्या शेवटी अँसेल्म या धर्मपंडिताने देवाच्या मानाची भरपाई असं मांडलं, पुढे सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चपासून वेगळ्या झालेल्या प्रोटेस्टंट सुधारकांनी आपली शिक्षा येशूने भोगली यावर जोर दिला. निकेयाच्या विश्वासांगिकारात, म्हणजे बहुतेक चर्च मानतात त्या चौथ्या शतकातल्या श्रद्धेच्या कबुलीत, फक्त ‘आमच्या तारणासाठी’ एवढंच आहे, ते कसं हे सांगितलेलंच नाही.

माणसाने मग करायचं काय? याचं सगळ्यात थेट उत्तर प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात आहे. फिलिप्पै शहरात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना फटके मारून, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकलेलं असतं. मध्यरात्री भूकंप होतो, दारं उघडतात, आणि कैदी पळाले असं समजून तुरुंगाचा अधिकारी तलवार उपसून जीव द्यायला निघतो तेवढ्यात पौल ओरडतो, आम्ही सगळे इथेच आहोत. तो अधिकारी थरथरत विचारतो की माझं तारण व्हावं म्हणून मी काय करू, आणि उत्तर मिळतं की प्रभू येशूवर विश्वास ठेव. बस, एवढंच. पण गोष्ट इथे संपत नाही, त्याच रात्री तो दोघांच्या जखमा धुतो, घरच्या सगळ्यांसकट बाप्तिस्मा घेतो, त्यांना घरी नेऊन जेवू घालतो. जखमा धुतल्या म्हणून तारण मिळालं असं तिथे कुठेच म्हटलेलं नाही, पण विश्वास ठेवला आणि कैद्यांच्या पाठी तशाच रक्ताळलेल्या राहू दिल्या असंही झालं नाही. पुढची जवळजवळ दोन हजार वर्षं वाद चाललाय तो विश्वास आणि चांगली कामं या दोन गोष्टींच्या मधल्या नात्यावरच, असं म्हटलं तरी चालेल.

वादाची बीजं बायबलमध्येच आहेत. इफिसकरांस पत्र म्हणतं तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे आहे, कर्मांनी नाही, म्हणजे कुणी बढाई मारू नये. याकोबाचं पत्र म्हणतं कर्मांशिवाय विश्वास मेलेला आहे. पाचव्या शतकात माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने पापाशिवाय जगू शकतो असं पेलाजियस नावाचा धर्मशिक्षक शिकवायचा, त्याला बिशप ऑगस्टीनने कडाडून विरोध केला आणि 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने ते मत फेटाळलं. सोळाव्या शतकात जर्मन सुधारक मार्टिन लूथरने माणूस फक्त विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरतो असं धरून ठेवलं, कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत 1547 मध्ये उत्तर दिलं की सुरुवात कृपेनेच होते पण माणूस त्या कृपेला साथ देतो आणि खरोखर आतून बदलतो. भांडण इतकं पेटलं की चर्च फुटलं. 31 ऑक्टोबर 1999 ला ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि जागतिक लूथरन महासंघाने एकत्र सही केली की तारण केवळ कृपेने, आपल्या कुठल्याही लायकीमुळे नाही, आणि चांगली कामं हे त्याचं फळ आहे. सगळे मतभेद त्यात मिटले नाहीत, पण मुळातला मुद्दा बराचसा सुटला. पूर्वेकडचं ऑर्थोडॉक्स चर्च नीतिमान ठरणं, शिक्षा भोगणं या कोर्टाच्या भाषेत फारसं अडकलंच नाही, त्यांच्याकडे तारण म्हणजे माणसाने हळूहळू देवाच्या जीवनात सहभागी होत जाणं.

रोजचं विश्वासू जगणं म्हणजे प्रार्थना, बायबल वाचन, मंडळीबरोबर उपासना, प्रभुभोजन हे तर आहेच, पण येशूने स्वतः जास्त जोर दिला तो क्षमा करण्यावर आणि पैशाच्या व्यवहारावर, जे लोकांना सोयीस्करपणे आठवत नाही. जक्कय नावाचा जकातदार येशूला घरी आणतो आणि उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करतो, तेव्हा येशू म्हणतो की आज या घराला तारण प्राप्त झालंय. मत्तयच्या 25व्या अध्यायात तर न्यायाच्या दिवशी भुकेल्याला खायला दिलं का, आजाऱ्याला आणि कैद्याला भेटलात का, हेच विचारलं जातं. उलट येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या गुन्हेगाराकडे चांगलं काम करायला वेळच उरलेला नव्हता, त्याने फक्त ‘माझी आठवण कर’ म्हटलं आणि त्याला त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळालं. या दोन्ही गोष्टी एकाच धर्मग्रंथात आहेत, एक दाखवून दुसरी झाकणं बरोबर नाही.

विश्वास ठेवल्यावरही माणूस पडतो, पेत्राने तीनदा येशूला नाकारलं होतं. अशा वेळी पाप कबूल करून परत फिरायचं, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरेत त्यासाठी धर्मगुरूसमोर पापकबुलीचा संस्कार आहे, बहुतेक प्रोटेस्टंट डायरेक्ट देवाजवळ कबुली देतात. मिळालेलं तारण गमावता येतं का यावर मात्र एकमत नाही. कॅल्व्हिन या प्रोटेस्टंट सुधारकाच्या परंपरेतल्या चर्चच्या डॉर्ट (नेदरलँड्स) इथल्या सभेने 1618-19 मध्ये ठरवलं की देवाने निवडलेले शेवटपर्यंत टिकतातच, अठराव्या शतकातल्या जॉन वेस्लीपासून सुरू झालेल्या मेथडिस्ट या प्रोटेस्टंट परंपरेत माणूस कृपेपासून ढळू शकतो असं मानतात, आणि कॅथलिक शिकवणीप्रमाणे गंभीर पापाने कृपा जाते पण पश्चात्तापाने परत मिळते. ज्यांनी येशूचं नावही ऐकलं नाही त्यांचं काय, यावर तर एकाच पंथातही लोक वेगवेगळं बोलतात. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकाला धरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं, तर बायबल आणि वैयक्तिक विश्वासावर भर देणाऱ्या अनेक इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंट) मंडळ्या येशूवर उघड विश्वास ठेवल्याशिवाय ते शक्य नाही असं मानतात, आणि म्हणूनच मिशनकार्यावर एवढा जोर देतात.