गवंड्याच्या शब्दापासून सभासदत्वाच्या दाखल्यापर्यंत : कोकणातल्या बिल्डर संघटनांची पार्श्वभूमी

कोकणात पहिली स्कीम टाकणाऱ्या बिल्डरला आज सातबारा, आर्किटेक्ट आणि बँक यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे बिल्डरांच्या संघटनेचे सभासदत्व. महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१९ मध्ये आदेश काढला आणि नव्या प्रकल्पाच्या नोंदणीसाठी विकासकाने मान्यताप्राप्त स्वयंनियामक संस्थेचा, म्हणजे अशाच एखाद्या बिल्डर संघटनेचा, सभासद असणे बंधनकारक केले. त्यामुळे ‘वर्गणी भरून मला मिळणार काय?’ हा चिपळूण-कुडाळच्या चहाच्या टपरीवर वर्षानुवर्षे विचारला जाणारा प्रश्न निम्मा तरी निकालात निघाला. उरलेल्या निम्म्याचे उत्तर मात्र आदेशात सापडत नाही. त्यासाठी घर बांधणाऱ्याला एकट्याने काय काय निभावेनासे झाले, हे थोडे मागे जाऊन पाहावे लागते.

कोकणातले जुने घर बांधायला संघटना लागत नव्हती, कारण सगळे सामान हाकेच्या अंतरावर होते. सड्यावर जांभा होता. खाणीतून चिरा ताजा काढला की तो मऊ असतो, हवा लागेल तसा घट्ट होत जातो. फणस, ऐन, किंजळ ही झाडे परसात किंवा जवळच्या रानात. चुना शिंपल्या भाजून व्हायचा. जोते किती उंच घ्यायचे, पागोळ्या कुठे पडतील, नैऋत्येच्या पावसाची झड कुठल्या भिंतीवर बसेल, हे गवंड्याला आणि सुताराला कुणाला विचारावे लागत नसे. करारनामा नव्हता, शब्द होता. आणि त्या शब्दाला जामीन होते ते त्याच वाडीत राहणे. छप्पर गळले तर सुतार पुढच्या शिमग्यात पालखीसमोर तोंड कसे दाखवणार? ही व्यवस्था आदर्श होती असे म्हणायचे कारण नाही. ती जातीने बांधलेली होती, मजुरी पुष्कळदा भाताच्या मापाने मिळायची आणि गवंड्याला ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. पण घर बांधून घेणारा आणि बांधणारा एकमेकांना चेहऱ्याने ओळखत होते, एवढे खरे.

या घरात बाहेरची पहिली मोठी वस्तू शिरली ती मंगलोरी कौले. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. पुढे गलबतांतून ही कौले किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरू लागली आणि गवताची व नळ्यांची छपरे हळूहळू मागे पडली. तरीही व्यवहार छोटाच होता. कौले मोजून घ्यायची, फुटकी बाजूला काढायची, संपले. चाकरमान्याने गिरणीतून पाठवलेल्या मनीऑर्डरीवर एकेक खोली वाढायची, कधी कधी एका घराला दोन पिढ्या लागायच्या.

सिमेंटने हे सगळे बदलले. सिमेंटबरोबर सरकार आले, परमिट आले आणि मोठा विक्रेताही आला. दुसऱ्या महायुद्धापासून सिमेंटच्या वाटपावर आणि दरावर नियंत्रण होते. तालुक्याच्या ठिकाणी घर बांधणाऱ्याला पोत्यांसाठी अर्ज करून वाट पाहत बसावे लागे. या परमिटांना किती किंमत आली होती हे महाराष्ट्राने जवळून पाहिले. रायगड जिल्ह्यातल्या आंबेतचे बॅ. अ. र. अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावे लागले, ते सिमेंटवाटप आणि ट्रस्टच्या देणग्या यांवरून झालेल्या न्यायालयीन निकालानंतरच. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्ण. परमिट गेले, पण छोट्या बिल्डरची अडचण संपली नाही. आधी दर सरकार ठरवत होते, आता कंपन्या ठरवू लागल्या.

बांधकाम व्यावसायिकांनी संघटना करण्याची कल्पना तोवर जुनी झाली होती. १९४१ साली पुण्यात लष्करी कामे करणाऱ्या कंत्राटदारांनी निविदांच्या एकतर्फी अटींविरुद्ध एकत्र येऊन बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाची सुरुवात केली. खात्याशी एकट्याने भांडणाऱ्या कंत्राटदाराचे पुढचे बिल अडकते, सगळे मिळून गेले तर खात्याला ऐकून घ्यावे लागते, एवढे साधे गणित त्यामागे होते. सिमेंटच्या बाबतीत हेच गणित सत्तर वर्षांनी देशभर गाजले. या असोसिएशनच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जून २०१२ मध्ये अकरा सिमेंट कंपन्यांना, संगनमताने दर वाढवल्याबद्दल, एकूण सहा हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. अपिलात प्रकरण परत आयोगाकडे आले आणि ऑगस्ट २०१६ मध्ये पुन्हा दंड झाला. त्यानंतरही लढाई वरच्या पायऱ्यांवर चालूच राहिली. देवरुखच्या एखाद्या कंत्राटदाराने हा खटला चालवायचा म्हटले असते तर वकिलाच्या पहिल्याच फीमध्ये त्याचा टिपर विकला गेला असता. गंमत अशी की त्या दंडात सिमेंट उत्पादकांची संघटनाही होती. एकत्र बसून दर ठरवणे हे संघटनेचे काम नव्हे, हा धडा बिल्डरांनाही त्यातच मिळाला. फ्लॅटचा ‘ठरलेला भाव’ लावणारी बिल्डर संघटना त्याच कायद्यात सापडू शकते.

कोकणातले खरे दुखणे मात्र सिमेंटपेक्षा जमिनीत खोल आहे. खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ चा, कूळ कायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कुळे जमिनीची मालक मानली गेली. या तिन्हींचा परिणाम सातबाऱ्यावर आजही वाचता येतो. एका गुंठ्याच्या तुकड्यावर पंधरा-वीस नावे, त्यातली निम्मी मुंबईत, दोन-तीन परदेशात आणि काही केव्हाच वारलेली. कूळ कायद्याने मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ चा शेरा, म्हणजे विकण्याआधी परवानगीचा मुद्दा. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, तिथे कलम ६३. बिनशेतीचा प्रश्न वेगळाच. सिंधुदुर्गात यात आकारीपड (सारा थकल्याने सरकारजमा झालेली जमीन) आणि वनसंज्ञेची भर. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर १९९६ च्या वनविषयक आदेशानंतर आंबा-काजूच्या खासगी जमिनींवरही जंगलाचा शेरा दिसू लागला.

अशा जमिनीवर इमारत उभी करणाऱ्याला वकिलापेक्षाही आधी माहिती लागते. कुठल्या गटावर वाद चालू आहे, कुणाचे कुलमुखत्यारपत्र रद्द झाले आहे, कुठल्या भावाने सही केली पण बहिणीने केलेली नाही. ही माहिती कुठल्याही पोर्टलवर नसते, ती माणसांकडे असते. माझ्या समजुतीने छोट्या गावातल्या संघटनेचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे आणि तो माहितीपत्रकात कधीच छापला जात नाही. मासिक सभा संपल्यावर वडापाव खाता खाता ‘त्या जागेच्या नादी लागू नको’ असे कुणीतरी सांगतो, त्यात ऐकणाऱ्याची दहा वर्षांची वर्गणी वसूल होते.

फ्लॅट ही गोष्ट कोकणात उशिरा आली. मुंबईतल्या सदनिकाविक्रीच्या गैरप्रकारांमुळे मोफा कायदा १९६३ मध्येच झाला होता, नगररचना कायदा १९६६ मध्ये. पण रत्नागिरी-चिपळूणला ‘अपार्टमेंट’ हा शब्द रुळायला पुढे बराच काळ जावा लागला. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तेव्हा कचेऱ्या आल्या, नोकरदार आले आणि त्यांना राहायला जागा हवी होती. जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे सलग धावू लागली. रात्री मुंबईत गाडीत बसलेला माणूस सकाळी कुडाळला उतरू लागला आणि निवृत्तीचे घर गावाकडे घेण्याचा विचार परवडेनासा राहिला नाही. अलिबागकडची गोष्ट वेगळी आहे. तिथे मुंबई समोर दिसते, त्यामुळे पैसा आधी आला आणि बंगल्यांना कुंपणेही आधी पडली.

याच काळात किनाऱ्यावर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे निर्बंध, आले. १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियंत्रणाखाली घेतला. ग्रामीण भागात त्यातले पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र झाले आणि त्यामागच्या पट्ट्यात घराची उंची ९ मीटर आणि दोन मजल्यांपर्यंत मर्यादित झाली. खाड्यांनाही हे लागू, आणि कोकणात खाडी कुठे नाही? नियम चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा समुद्राशी अंतर राखण्याचा अर्थ पुष्कळांना कळला. पण भरतीरेषा नकाशावर नेमकी कुठे काढली आहे, मच्छीमाराच्या जुन्या घराची दुरुस्ती कशात बसते, हे प्रश्न अनेक वर्षे लोंबकळत राहिले. २०११ आणि २०१९ मध्ये अधिसूचना बदलल्या. शेवटच्या बदलात दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी ना-विकास क्षेत्र ५० मीटरवर आले. अशा प्रत्येक मसुद्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात, मुदत मोजकी असते आणि मसुदा क्लिष्ट असतो. साइटवर स्लॅब चालू असलेला माणूस तो वाचत नाही. संघटनेने एक आर्किटेक्ट आणि एक वकील बसवला, तर निदान हरकत वेळेत दाखल होते. डिसेंबर २०२० मध्ये राज्यातल्या बहुतेक भागासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तेव्हा ती समजून घ्यायलाही हाच मार्ग होता.

रेती आणि चिरा यांचीही तीच कथा. कर्ली, कालावल, वाशिष्ठीच्या खाड्यांतून हातपाटीने रेती काढण्याचा धंदा पिढ्यानपिढ्यांचा. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातल्या गौण खनिजांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली आणि चिरेखाणीपासून रेतीपर्यंत सगळ्यांचे वेळापत्रक कोलमडले. काम थांबले की ग्राहकाला ताबा उशिरा मिळतो, त्याला कारण सांगून भागत नाही.

देशपातळीवर बिल्डरांची क्रेडाई ही महासंघटना १९९९ मध्ये उभी राहिली. तिची रचना तीन मजली आहे, शहर, राज्य, देश. गावातल्या शाखेचा सभासद झालात की वरचे दोन मजले आपोआप मिळतात. कोकणासारख्या विखुरलेल्या भागाला ही रचना मानवली, कारण इथे एका तालुक्यात बिल्डर असून असून किती असणार? पुढे २०१९ मध्ये महारेराने मान्यतेसाठी जी अट घातली, सभासदांचे किमान ५०० नोंदणीकृत प्रकल्प असण्याची, ती कुठल्याही एकट्यादुकट्या तालुका संघटनेच्या आवाक्याबाहेरची होती. वरच्या मजल्याशी जोडलेले असणे इथे कामाला आले.

ज्या कायद्याखाली महारेरा आले तो रेरा कायदा २०१६ चा, महाराष्ट्रात पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ पासून. ग्राहकाकडून आलेल्या पैशातले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात, करारनाम्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नाही, ताबा दिल्यानंतर पाच वर्षे बांधकामातल्या दोषाची जबाबदारी, आणि प्रकल्पाची माहिती नियमितपणे संकेतस्थळावर. एका साइटचा पैसा दुसऱ्या साइटवर फिरवून धंदा करण्याची सवय असलेल्यांना हे जड गेले. ज्यांची सवय तशी नव्हती त्यांनाही फॉर्म भरणे जड गेले, कारण ऑफिसात एक मुलगा आणि एक कॉम्प्युटर. एक जीएसटी, एक कामगार कल्याणाचा एक टक्का उपकर, एक रेरा, प्रत्येकाची तारीख वेगळी. संघटनेच्या कार्यशाळांना २०१७ नंतर गर्दी होऊ लागली ती यामुळे, भाषणांमुळे नव्हे.

महारेराने २०१८ मध्ये सलोखा मंच सुरू केला. त्यात बिल्डर संघटनेचा एक प्रतिनिधी आणि ग्राहक संघटनेचा, उदाहरणार्थ मुंबई ग्राहक पंचायतीचा, एक प्रतिनिधी समोरासमोर बसतो आणि तक्रार सुनावणीला जाण्याआधी मिटवण्याचा प्रयत्न होतो. वाडीतल्या पंचांची आठवण यावी अशी ही पद्धत. फरक इतकाच की जो मध्यस्थी करतो तो दोघांच्याही ओळखीचा नसतो.

आता दुसरी बाजू. महाडमध्ये २४ ऑगस्ट २०२० ला पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा बळी गेला. इमारत काही शंभर वर्षांची नव्हती, फार तर दहा वर्षांची. सभासदत्वाचा दाखला काँक्रीटची ताकद तपासत नाही आणि जमिनीचे टायटल, म्हणजे मालकी हक्कही, शोधत नाही. आचारसंहिता लिहून ठेवणे सोपे, आपल्याच सभेत शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याला काढून टाकणे अवघड. गावात तर तो नात्यातलाही असतो. स्वयंनियमन म्हटले की मला पहिल्यांदा हेच आठवते.

शिवाय रेराची जाळी मोठ्या छिद्रांची आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असल्या की नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे संघटनेच्या दाखल्याचीही सक्ती नाही. कोकणात अशा स्कीम पुष्कळ असतात. चार घरे, समोर माडाची दोन झाडे, पाटीवर ‘सी व्ह्यू’. तिथे घर घेणारा ठाण्याचा माणूस सातबारा मागतो, मग गावात कुणी ओळखीचे आहे का ते शोधतो आणि शेवटी मामाच्या शेजाऱ्याला फोन लावून विचारतो, “माणूस कसा आहे?”