कार्ल्सबर्गची डोंगररांग आणि सरकता समुद्रतळ

मुंबईच्या नैऋत्येला साधारण दोन हजार किलोमीटरवर पाण्याखाली एक डोंगररांग आहे. 1928 ते 1930 या काळात ‘डाना’ जहाजावरच्या डॅनिश मोहिमेने ती शोधली आणि मोहिमेला पैसा पुरवणाऱ्या प्रतिष्ठानाचं नाव तिला मिळालं: कार्ल्सबर्ग. हो, तेच बिअरवाले. समुद्रतळ सरकतो हे सांगताना सगळे अटलांटिकपासून सुरुवात करतात, पण कळीचा पुरावा या रांगेत सापडला.

खंड सरकतात असं जर्मन शास्त्रज्ञ वेगेनरने 1912 मध्येच मांडलं होतं. ते कशामुळे, याचं पटेल असं उत्तर मात्र त्याच्याकडे नव्हतं. 1950च्या दशकात ब्रिटिश संशोधकांनी दख्खनच्या काळ्या कातळाचं चुंबकत्व मोजलं. थिजताना कातळ पृथ्वीच्या चुंबकत्वाची तिथली दिशा धरून ठेवतो; त्यावरून हा कातळ विषुववृत्ताच्या दक्षिणेला थिजल्याचं दिसलं. म्हणजे जमीन सरकली होती, पण कशी ते कळत नव्हतं. अमेरिकन भूशास्त्रज्ञ हॅरी हेस याने 1962 मध्ये सुचवलं, की समुद्राखालच्या रांगांच्या कण्यातून तप्त रस वर येतो, थिजतो, दोन्ही अंगांना सरकतो आणि शेवटी खोल गर्तांमध्ये पुन्हा खाली जातो. या मांडणीला तो स्वतःच ‘भूकाव्य’ म्हणत असे.

त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश नौदलाचं ‘ओवेन’ हे जहाज कार्ल्सबर्गवरून फिरत होतं. चुंबकमापक दोराने बांधून मागे लांबवर सोडलेला, कारण जवळ ठेवला तर जहाजाचं लोखंडच मोजलं जायचं. ही मोजमापं केंब्रिजला ड्रमंड मॅथ्यूज आणि त्याचा विद्यार्थी फ्रेड व्हाइन यांच्या हाती आली. व्हाइनने संगणकावर पाण्याखालच्या दोन डोंगरांचा हिशेब केला. एकाचं चुंबकत्व आजच्या दिशेचं निघालं, दुसऱ्याचं बरोबर उलटं!

पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटतात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ ब्रुन्हेसच्या 1906 मधल्या कामापासून चर्चेत होतं. व्हाइनने हे उलटणं आणि हेसची मांडणी, असे दोन्ही धागे जोडले. कण्यातून वर आलेला बसाल्ट, म्हणजे दख्खनसारखाच काळा कातळ, त्या-त्या काळची चुंबकीय दिशा धरून थिजतो आणि बाजूला सरकतो. म्हणून तळावर सतरंजीसारखे पट्टे पडतात, एक सुलट, एक उलट. सप्टेंबर 1963 मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं. कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ली यालाही हेच सुचलं होतं, पण त्याचा लेख दोन नियतकालिकांनी परत पाठवला. मला त्याची फार हळहळ वाटते.

शास्त्रज्ञांचा विश्वास बसायला 1966 उजाडलं. ‘एल्टानिन’ जहाजाने दक्षिण पॅसिफिकमधून आणलेल्या नोंदीत कण्याच्या दोन्ही बाजूंचे पट्टे आरशातल्यासारखे जुळले.

कार्ल्सबर्गच्या दोन्ही अंगांचा तळ एकमेकांपासून वर्षाला दोन-तीन सेंटीमीटरने दूर जातो. 1674 मध्ये शिवरायांचा राज्याभिषेक झाला, तेव्हापासून फार तर एका एसटी बसच्या लांबीइतका. अरबी समुद्राचा तळ गिळला जातो तो उत्तरेला, पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याखाली. नोव्हेंबर 1945 मध्ये तिथे मोठा भूकंप झाला आणि त्याची त्सुनामी मुंबईच्या किनाऱ्यालाही लागली.