वावर त्यांचं, पीक आपलं : नाशिककडच्या क्रिएटर मंडळींच्या कमाईची पार्श्वभूमी

लासलगावच्या बाजार समितीत लिलाव सुरू झाला की व्यापाऱ्यांच्या घोळक्यामागे दोन-तीन मोबाइल आता कायमच दिसतात. व्यापारी ट्रॉलीतला कांदा हातात घेतो, दाबून बघतो, आकडा पुकारला जातो आणि घोळका पुढच्या ट्रॅक्टरकडे सरकतो. मोबाइलवाला पोरगा गर्दीतून हात उंच करून एकेक वक्कल, म्हणजे लिलावाला लावलेला माल, टिपत राहतो. मग ट्रॅक्टरच्या सावलीला बसून सुरू करतो, 'राम राम शेतकरी मित्रांनो, आजची आवक, किमान, कमाल, सरासरी...' दुपारच्या आत व्हिडिओ चढला नाही तर तो शिळा. रात्रीनंतर त्याला कुत्रं विचारत नाही.

अशाच एकाला मी विचारलं, भाव चांगला असला की तुझंही बरं चालत असेल ना? तो हसला. 'उलटं आहे भाऊ. भाव पडला की व्ह्यूज चढतात. माल विकू का ठेवू हे ज्याला कळत नाही, तोच दिवसात चारदा बघतो.' ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी झाली तेव्हाचे आकडे तो अजून विसरलेला नाही. त्याच आठवड्यात वडिलांच्या कांद्याचं काय झालं, तेही विसरलेला नाही.

या कामाला कंटेंट क्रिएशन हे नाव अलीकडचं. त्यातला व्यवहार मात्र आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. वावर एकाचं, राबणारा दुसरा आणि हिस्सा ठरवणार वावराचा मालक. याला बटाई म्हणतात. यूट्यूबच्या मोठ्या व्हिडिओंवरची जाहिरात वाटली जाते ती ५५-४५ नं : ५५ टक्के बनवणाऱ्याला, ४५ कंपनीला. शेतीच्या हिशेबानं वाटा वाईट नाही. फक्त इथे बांध कुठे आहे हे मालक रातोरात बदलू शकतो.

नाशिकमधली या धंद्याची पहिली गोष्ट शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. दादासाहेब फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. १९१२ मध्ये लंडनला जाऊन ते कॅमेरा आणि विद्या घेऊन आले, पण अख्ख्या चित्रपटाला पैसे लावायला कोणी पुढे येईना. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर त्याची वाढ एकेक फ्रेम करून टिपली. पडद्यावर बघता बघता अंकुर फुटून वेल चढताना दिसला. आज त्याला कोणीही टाइमलॅप्स म्हणेल. ती फिल्म कलेसाठी असेल तेवढीच भांडवलदाराचं मन वळवण्यासाठी होती आणि ते वळलं. विम्याची पॉलिसी आधीच गहाण पडली होती, पुढे पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' चालल्यावर फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. १९१८ मध्ये भागीदार घेऊन हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. मग खर्च किती आणि वेळ किती यावरून भागीदारांशी खटके उडू लागले आणि फाळके काही काळ कंपनी सोडून काशीला निघून गेले. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते नाशिकातच वारले तेव्हा हाती फारसं काही उरलेलं नव्हतं. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. प्री-वेडिंगच्या शूटिंगला निघालेली कॅमेऱ्याची मंडळी त्या रस्त्यानं जाताना मी कितीदा तरी पाहिली आहेत.

मधली बरीच वर्षं सोडून देतो. लग्नाच्या शूटिंगवाल्यांची, व्हीएचएस कॅसेटची, स्थानिक केबलवरच्या बातम्यांची ती वर्षं. पण मालेगाव सोडता येत नाही.

मालेगावात यंत्रमागांना सुट्टी शुक्रवारी. हातात आठवड्याची मजुरी आणि समोर व्हिडिओ पार्लर. असंच एक पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० च्या सुमारास गावातल्याच पोरांना घेऊन 'मालेगाव के शोले' बनवला, सुमारे ५० हजारांत. क्रेनच्या जागी बैलगाडी, ट्रॉलीच्या जागी सायकल. या करामतींवर पुढे बरंच लिहिलं गेलं, माहितीपट आला, अलीकडे चित्रपटही आला. माझं लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे जातं. नासिर यांच्याकडे कॅमेरा होता आणि पार्लरचं दारही त्यांचंच होतं. बनवणारा तोच, तिकीट फाडणाराही तोच. नाशिक जिल्ह्यात पडद्याच्या धंद्यात बटाईशिवाय पिकलेलं एवढं एकच पीक मला आठवतं. ते टिकलं नाही. स्वस्त सीडी आल्या, नकली सीडी आल्या, घरोघरी केबल पोहोचली आणि पार्लरची गर्दी ओसरली. पुढे मालेगाव-खानदेशातली विनोदाची हीच परंपरा यूट्यूबवर गेली. विनोदी कलाकार छोटू दादाचे व्हिडिओ कोट्यवधी वेळा बघितले गेले, कळवण-बागलाणपासून धुळे-जळगावपर्यंतची अहिराणी गाणी तिकडेच वाजू लागली. प्रेक्षक पार्लरच्या हजारपट झाला. दार मात्र हातचं गेलं.

यूट्यूब भारतात आलं मे २००८ मध्ये. बनवणाऱ्याला जाहिरातीत वाटा द्यायची पद्धत त्याआधीच, २००७ मध्ये, अमेरिकेत सुरू झाली होती. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये रेसिपी टाकायला घेतल्या तेव्हा त्या अमेरिकेत होत्या, आणि हा योगायोग नव्हे. इथे तेव्हा डेटाला बरेच पैसे पडायचे. एवढे पैसे मोजून पिठलं कसं करायचं ते कोण बघणार? ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि पुढचे काही महिने डेटा फुकट मिळाला. 'भाडिपा' हा मराठी विनोदी चॅनल त्याच वर्षातला. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत डिपिंग करणाऱ्याच्या, म्हणजे घड औषधात बुडवणाऱ्याच्या, खिशात व्हिडिओ वाजायला लागला तोही तेव्हाच. बघणारे आधी आले, बनवणारे मागून.

आणि लगेच नियम कडक झाले. एप्रिल २०१७ पासून चॅनलला एकूण १० हजार व्ह्यूज असल्याशिवाय जाहिरात नाही. जानेवारी २०१८ मध्ये आणखी वरची पायरी जाहीर झाली : एक हजार सबस्क्राइबर आणि वर्षभरात ४ हजार तास वॉच टाइम. म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. सरासरी माणूस तीन मिनिटं थांबला असं धरलं तर ८० हजार व्ह्यूज. पैसे मिळत असलेले कितीतरी छोटे चॅनल त्यामुळे एका फटक्यात बिनपगारी झाले.

ती पायरी चढली तरी पुढे पत्र होतं. खात्यात दहा डॉलर जमले की गूगल सहा आकड्यांचा पिन साध्या टपालानं पाठवतं. पत्ता खरा आहे की नाही याची ती पडताळणी. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती बंद. आता ज्या वस्तीवर घरांना नंबर नाहीत, पत्ता म्हणजे 'मु. पो.' आणि 'मारुती मंदिराजवळ', तिथे हे पत्र पोचवण्याचं काम पोस्टमन करतो. सिन्नरकडच्या एका मुलाचं पत्र दोनदा हरवलं. तिसऱ्या वेळी त्यानं पोस्टमनदादांना चॅनलच दाखवून ठेवला होता. दादा पाकीट घेऊन थेट गोठ्यात आले आणि म्हणाले, 'हे घे रे तुझं अमेरिकेचं.' पुढची अडचण बँकेची. पैसे डॉलरमध्ये येणार, शंभर डॉलर साठल्यावर, आणि पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ च्या दरम्यान. त्यासाठी स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशातून पैसे यायला लागणारा बँकेचा क्रमांक, हवा. गावातल्या पतसंस्थेला तो कुठून असणार? म्हणून तालुक्याला नवीन खातं काढायचं आणि कॅशिअरला समजावायचं की हे पैसे कोणी परदेशातल्या नातेवाइकानं पाठवलेले नाहीत.

दरम्यान टिकटॉक आलं होतं आणि त्यानं हजार सबस्क्राइबरची अट कोणाला घातली नाही. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावच्या सूरज चव्हाणसारखा मुलगा तिथूनच घराघरात पोचला. पुढे २०२४ मध्ये त्यानं मराठी बिग बॉसही जिंकलं. जाहिरातीतला वाटा मात्र टिकटॉक इथे देत नव्हतं. पैसे यायचे गाणं वाजवण्याचे, दुकानाच्या उद्घाटनाचे. या बोलावण्याला नाशिककडची मंडळी सरळ 'सुपारी' म्हणतात, तमाशाच्या सुपारीसारखं. इसार आधी, बाकी स्टेजवरून उतरल्यावर. अनुभवी माणूस स्टेजवर चढायच्या आधीच बाकी घेतो.

२९ जून २०२० च्या संध्याकाळी ५९ चिनी अॅप्सवर बंदी आली आणि टिकटॉक त्यात होतं. देशात सुमारे २० कोटी लोक ते वापरत होते. कोणाचे पाच लाख फॉलोअर, कोणाचे वीस लाख, आणि यातलं दुसरीकडे काहीच नेता येत नव्हतं. बंदीची कारणं सीमेवरची होती, त्याबद्दल कोणाची तक्रारही नव्हती. पण दोन वर्षं राबून उभं केलेलं पीक एका रात्रीत वावरासकट गेलं. जुलैमध्ये इन्स्टाग्राम रील्स आलं, सप्टेंबरमध्ये यूट्यूब शॉर्ट्स. सगळे पुन्हा शून्यापासून. त्याच ऑक्टोबरमध्ये नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचा 'आपली आजी' चॅनल हॅक झाला आणि नंतर परत मिळाला. तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की चॅनललाही चोर लागतो.

शॉर्ट्सवर जाहिरातीचा वाटा मिळायला १ फेब्रुवारी २०२३ उजाडला. तिथे ४५ टक्के, आणि दारात शिरायला ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूजचा पर्याय. हजार व्ह्यूजमागे हातात काय पडतं त्याला ही मंडळी आरपीएम म्हणतात. तो भाषेनं, विषयानं, महिन्यानं बदलतो. दिवाळीच्या आसपास जाहिरातदार पैसे ओततात, जानेवारीत तोच आकडा खाली बसतो. हिशेबापुरतं समजा, आरपीएम तीस रुपये. लाखभर व्ह्यूजचे झाले तीन हजार. त्यातून लासलगाव ते नाशिक पेट्रोल, फोनचा हप्ता आणि एडिटिंगला बसवलेला चुलतभाऊ वजा करा.

इन्स्टाग्राम रील्सवर असा ठरलेला वाटा देत नाही. तिथली भाकरी ब्रँडची. नाशिकमध्ये ब्रँड म्हणजे बहुतेक वेळा मिसळीचं हॉटेल, पैठणीचं दुकान, नाही तर गंगापूर रोडवरची नवी स्कीम. सुरुवात बार्टरनं होते : मिसळ खा, रील टाका. दोन प्लेट मिसळ, पापड-दही वेगळं, आणि वर मालक सांगणार की 'तर्रीचा क्लोजअप घ्या.' मी स्वतः वर्षभर हा उद्योग केला आहे. दागिन्यांच्या एका दुकानाकडून तीन रील्सचे पैसे मला अजून यायचे आहेत. मेसेजला अंगठ्याचा इमोजी तेवढा न चुकता येतो. पगारदाराला महिन्याची एक तारीख असते, इथे 'साहेब बाहेरगावी आहेत' असतं.

सरकारचं लक्ष गेलं तेही पैशाच्या मागोमाग. जून २०२१ पासून अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर तिथला कर कापला जाऊ लागला. योग्य फॉर्म भरला तर भारतीयांना १५ टक्के. न्यू जर्सीत बसून कोणी अहिराणी गाणं ऐकलं, तर त्याचा हिशेब सटाण्यातल्या गायकाला वेगळा लागतो. त्याच महिन्यात जाहिरात मानक परिषदेचा नियम लागू झाला की पैसे घेतलेल्या पोस्टवर तसं लिहा. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाचीही मार्गदर्शक तत्त्वं आली. जुलै २०२२ पासून तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम १९४आर खाली फुकट मिळालेल्या वस्तूलाही हिशेबात धरलं : एका कंपनीकडून वर्षात २० हजारांच्या वर लाभ मिळाला तर १० टक्के टीडीएस. फोन परीक्षणासाठी आला आणि परत केला तर प्रश्न नाही, ठेवून घेतला तर तो उत्पन्न. मिसळ अर्थात या मर्यादेत बसते.

मे २०२५ मध्ये मुंबईच्या वेव्हज परिषदेत यूट्यूबचे प्रमुख नील मोहन यांनी सांगितलं की आदल्या तीन वर्षांत भारतातले क्रिएटर, कलाकार आणि मीडिया कंपन्यांना मिळून २१ हजार कोटींच्या वर रुपये दिले गेले. त्याच भाषणात दुसरा आकडा होता : वर्षभरात भारतातल्या दहा कोटींच्या वर चॅनलनी काही ना काही टाकलं. त्यातले दहा लाख सबस्क्राइबर ओलांडलेले १५ हजारांच्या वर. पहिला आकडा मथळ्यात गेला. लासलगावचा तो पोरगा दुसरा आकडा बघत बसला होता. यातला मी कितवा, म्हणाला.

आता त्याची नजर सिंहस्थावर आहे. २०१५ च्या कुंभात जिओ नव्हतं, रील नव्हतं. या वेळी ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. प्रयागराजला माळा विकणाऱ्या मुलीचं रील देशभर फिरलं ते त्यानं पाहिलं आहे. पंचवटीत दोन मित्रांबरोबर खोली घ्यायची त्याची खटपट चालू आहे, पण भाडं आत्ताच चढलं आहे आणि घरमालकाला अख्ख्या वर्षाचं आगाऊ हवं आहे.

मी विचारलं, मग कांद्याचा चॅनल बंद? तो म्हणाला, 'बंद कसा? सकाळी लिलाव, दुपारी रामकुंड. साठच किलोमीटर तर आहे.'