ग्रेस विल्यम्स : शाळा, समुद्र आणि वाद्यवृंद

वेल्सला गाणाऱ्यांचा देश म्हणतात आणि त्यात काही खोटं नाही. चॅपलमध्ये सगळ्यांनी मिळून म्हटलेली स्तोत्रं, खाणकामगारांची वृंदगानं, दरवर्षीच्या आयस्टेथवॉड महोत्सवातल्या स्पर्धा. पण हे सगळं गळ्याचं संगीत. मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहायचं तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे वादक अपुरे, आणि त्यावर पोट भरणं तर दूरच. संगीतकार ग्रेस विल्यम्स यांनी नेमकी तीच वाट धरली. त्यांच्या आयुष्यात शाळेची नोकरी का आली, हे त्यावरून कळतं.

19 फेब्रुवारी 1906 रोजी त्या बॅरी इथे जन्मल्या. दक्षिण वेल्सच्या खाणींचा कोळसा या बंदरातून जगभर जाई. 1913 मध्ये तर एक कोटी टनांहून जास्त गेला. वडील शिक्षक होते आणि मुलांचं एक गाजलेलं वृंदगान पथक चालवत. ग्रेस त्या पथकाला पियानोची साथ करत. 1926 मध्ये कार्डिफची पदवी मिळवून त्या लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये प्रसिद्ध इंग्लिश संगीतकार व्हॉन विल्यम्स यांच्याकडे शिकल्या. पुढे शिष्यवृत्तीवर व्हिएन्नाला संगीतकार एगॉन वेलेश यांच्याकडेही शिकून आल्या.

एवढी तालीम झाल्यावर 1932 पासून कॅम्डनच्या मुलींच्या शाळेत संगीत शिकवणं सुरू झालं. युद्धात शाळा लंडनबाहेर हलवली गेली, त्याही मुलींबरोबर गेल्या. रचना करायच्या त्या तास, तपासणी आणि स्थलांतर यांतून उरलेल्या वेळात. याच काळात, 1940 मध्ये, वेल्श बालगीतांवरची ‘फँटेसिया’ आली. त्यांची सर्वांत लोकप्रिय रचना आजही तीच. मला मात्र 1944 ची ‘सी स्केचेस’ जवळची वाटते. फक्त तंतुवाद्यांसाठी लिहिलेले पाच भाग. त्यातल्या तिसऱ्यात धुक्यात जहाजांना इशारा देणारे भोंगे आहेत. भोंग्याचा तो लांबट, कण्हल्यासारखा स्वर व्हायोलिन आणि चेलोंतून काढायचा, हे किनाऱ्यावर वाढलेल्या माणसालाच सुचावं. ही रचना त्यांनी आईवडिलांना अर्पण केली.

तब्येत ढासळल्यावर 1947 मध्ये त्या कायमच्या बॅरीला परतल्या आणि बीबीसीच्या शालेय कार्यक्रमांसाठी लिहू लागल्या. 1949 मध्ये ‘ब्लू स्कार’ या खाणकामगारांवरच्या चित्रपटाला संगीत दिलं. पूर्ण लांबीच्या चित्रपटाला संगीत देणाऱ्या त्या पहिल्या ब्रिटिश स्त्री मानल्या जातात. 1951 मध्ये मात्र त्यांनी स्वतःच्या बऱ्याच जुन्या हस्तलिखितांना काडी लावली. इतकं कठोर व्हायला नको होतं, असं मनापासून वाटतं.

पण त्यानंतरच त्यांचा खरा आवाज लागला. वेल्समध्ये ‘पेनिल्लियन’ ही गाण्याची एक रीत आहे : हार्पवर एक धून चालू असते, गाणारा जरा उशिरा, वेगळ्याच चालीवर शिरतो आणि शेवटाला दोघं एकत्र येतात. 1955 मध्ये वेल्सच्या राष्ट्रीय युवा वाद्यवृंदासाठी लिहिताना विल्यम्स यांनी हाच रिवाज शब्दांविना वाद्यांवर आणला. गळ्याची परंपरा अशी वाद्यवृंदात उतरली, आणि वाजवायला होती शाळकरी वयाची मुलं.

1966 मध्ये त्यांनी ओबीई हा ब्रिटिश सरकारी सन्मान नाकारला. 10 फेब्रुवारी 1977 रोजी बॅरीतच त्यांचं निधन झालं. 1971 मध्ये सादर झालेली त्यांची भव्य ‘मिसा कॅम्ब्रेन्सिस’, म्हणजे ख्रिस्ती उपासनेच्या शब्दांवरची ‘वेल्श मास’, पुन्हा संपूर्ण ऐकायला वेल्सला 2016 साल उजाडावं लागलं.